जर्मन शिकताय? निसर्गाचे शब्द असे पाठ करा

मराठी माणसाला तीन लिंगं समजावून सांगावी लागत नाहीत. तो पाऊस, ती वीज, ते धुकं हे आपण शाळेत जायच्या आधीपासून बोलतो. म्हणून माझ्या क्लासात डेर, डी, डास, म्हणजे जर्मन नामाआधी लागणारे अनुक्रमे पुल्लिंगी, स्त्रीलिंगी आणि नपुंसकलिंगी शब्द, पटकन पचतात (डास म्हटलं की मागच्या बाकावर कुणीतरी हात खाजवतंच). घोळ पुढे होतो, कारण आपण मराठीतलं लिंग तसंच तिकडे नेतो. सूर्य ‘डी झोने’, स्त्रीलिंगी. ढग ‘डी वोल्के’, तोही स्त्रीलिंगी. वीज ‘डेर ब्लिट्झ’, धुकं ‘डेर नेबेल’, दोन्ही पुल्लिंगी. “सूर्याला ते देवी मानतात का हो?” हा प्रश्न दर बॅचला येतो. अर्थात कारण शोधू नका, वेळ जातो.

गटागटानं धरा. ऋतू, महिने, दिशा सगळे ‘डेर’. आपलेही उन्हाळा, पावसाळा, हिवाळा पुल्लिंगीच, तेवढं फुकटात मिळालं. आकाशातून पडणारं बहुतेक ‘डेर’: पाऊस ‘रेगेन’, बर्फ ‘श्ने’, गारा ‘हागेल’. झाडांची नावं बहुतेक ‘डी’, ओक ‘आइशे’ असो की बीच ‘बूखे’. पण झाड हा शब्द ‘डेर बाउम’, आणि मेपल ‘डेर आहोर्न’. ‘गे’नं सुरू होणारे समूहवाचक ‘डास’: पर्वतरांग ‘गेबिर्गे’, झुडपं ‘गेब्युश’.

वहीत शब्द एकटा लिहू नका, डेर-डी-डाससकटच लिहा. मग खिडकीत उभं राहून दिसेल ते मोठ्यानं म्हणा: ‘इश झेए डेन मोंड’, मला चंद्र दिसतोय. कर्म झालं की एकवचनात फक्त ‘डेर’चा ‘डेन’ होतो, डी आणि डास जागचे हलत नाहीत. त्यामुळे लिंग चुकलं की वाक्यच अडखळतं. नुसती यादी घोकण्यापेक्षा मला हे फार बरं वाटतं.

‘झे’ या शब्दाला मात्र वेगळं पान द्या. ‘डेर झे’ म्हणजे तळं, ‘डी झे’ म्हणजे समुद्र. म्हणून बोडनझे हे सरोवर ‘डेर’ आणि नोर्डझे हा समुद्र ‘डी’.

नद्यांना नियम लावायला जाऊ नका. डोनाऊ, एल्बे, इझार ‘डी’. ऱ्हाइन, माइन, नेकार ‘डेर’. आणि आपली गंगा ‘डेर गांगेस’. आजीला सांगू नका.