कूलंटचा जादा सेन्सर बसवताना

बऱ्याच गाड्यांच्या डॅशवरचा टेंपरेचरचा काटा तसा गोडबोल्याच असतो. इंजिन ८० अंशांवर असो वा १००, तो मधोमध ढिम्म. म्हणून वेगळा सेन्सर आणि गेज बसवायचा असेल, तर कंपनीच्या सेन्सरच्या वायरीत जोड मारू नका. ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) चुकीचं रीडिंग गेलं की पेट्रोलचं गणित बिघडतं.

सोपा मार्ग म्हणजे रेडिएटरच्या वरच्या होजमध्ये (रबरी नळीत) बसणारा अ‍ॅल्युमिनियमचा अ‍ॅडॅप्टर; सेन्सर त्याच्यातच आट्यांनी बसतो. होजचा आतला व्यास व्हर्नियरने मोजूनच तो घ्या. इंजिन पूर्ण गार झाल्यावर कूलंट थोडं काढा, होज सरळ कापा, मध्ये अ‍ॅडॅप्टर घाला आणि दोन्ही बाजूंना क्लिप आवळा.

आता खरी गोम. एका वायरीचा सेन्सर अर्थिंग स्वतःच्या आट्यांतून घेतो आणि रबरी होजमध्ये तो अधांतरीच राहतो. अ‍ॅडॅप्टरच्या बॉडीला क्लिपखाली किंवा स्क्रूने काळी वायर लावून ती इंजिन ब्लॉकला जोडा. आट्यांवर टेफ्लॉन टेपचे थरावर थर चढवले तरी हाच घोळ होतो. मग गेज थंड दाखवतो आणि आपण नवा सेन्सर आणायला दुकानात पळतो. (मीही पळालोय.)

थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच कूलंट रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) वरच्या होजच्या तोंडाशी असेल तर तो उघडेपर्यंत काटा हलणार नाही, घाबरू नका. शेवटी कूलंटमध्ये अडकलेली हवा नीट काढा. सेन्सरचं टोक कूलंटमध्ये बुडालेलं नसेल, तर इंजिन उकळत असतानाही आकडा कमीच दिसतो.