रोजच्या गोळ्या घेताना या चुका टाळा

थायरॉइडची गोळी, रक्तदाबाची गोळी, साखरेची गोळी, आम्लपित्ताची गोळी आणि मागच्या आजारपणातून उरलेल्या दोन-चार अँटिबायोटिक कॅप्सूल: इंदूरच्या रामबागेत किंवा सुदामानगरात कुठल्याही मराठी घरातला औषधांचा डबा उघडला, तर एवढा ऐवज बहुधा निघतोच. यांतली प्रत्येक गोळी शरीरात वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या रीतीने काम करते. घेतली मात्र जाते एकाच मुठीत, एकाच घोटाबरोबर, आणि तो घोटही पुष्कळदा चहाचा असतो. औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभे राहणाऱ्याला ज्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात, त्यांतल्या बहुतेकींचे मूळ इथेच आहे. गोळी काम कसे करते हे कुणी समजावून सांगितलेले नसते, म्हणून ती कधी आणि कशाबरोबर घ्यायची ही सूचना उगाच घातलेल्या अटीसारखी वाटते आणि पहिल्या आठवड्यातच मागे पडते.

चहा, पोहे आणि थायरॉइड

थायरॉक्सिनची गोळी लहान आतड्यातून रक्तात शोषली जाते, आणि हे शोषण फार सहज बिघडते. दूध, चहा, कॉफी, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या यांच्यापैकी काहीही सोबत गेले, की औषधाचा काही भाग वाया जातो. म्हणून ती उठल्याबरोबर साध्या पाण्याशी घ्यावी आणि चहा किंवा पोहे-जिलेबी यांना त्यानंतर निदान अर्धा तास, शक्य तर एक तास थांबवावे. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तासांनंतर घ्यावी. या औषधाचे अर्धायुष्य, म्हणजे रक्तातले औषध निम्मे व्हायला लागणारा काळ, सुमारे 7 दिवसांचे असल्यामुळे एखाद्या दिवशी नियम मोडला तर काहीच जाणवत नाही, आणि इथेच माणूस फसतो. चहाबरोबर गोळी घेण्याची सवय लागते, दोन-तीन महिन्यांनी टीएसएच (थायरॉइड कमी पडू लागला की रक्तात वाढणारे संप्रेरक) वाढलेला दिसतो, डॉक्टर मात्रा 75 वरून 100 मायक्रोग्रॅम करतात; पुढे कधीतरी तीच व्यक्ती नियमाने गोळी घेऊ लागते आणि मग छातीत धडधडते, हात थरथरतात, झोप उडते. मात्रा वाढवण्यापूर्वी आपण गोळी कशी घेतो हे डॉक्टरांना खरे सांगितले असते, तर यातले काहीच झाले नसते. मात्रा बदलल्यावर पुढची तपासणी साधारण 6 ते 8 आठवड्यांनी करावी. पंधरा दिवसांत केलेल्या तपासणीतून नीट अंदाज येत नाही.

आम्लपित्ताच्या गोळीची, म्हणजे पँटोप्राझोलची, गत याच्या नेमकी उलट असते: ती वेळेच्या आधी घेण्याऐवजी त्रास सुरू झाल्यावर घेतली जाते. सराफ्यातल्या खाऊगल्लीत रात्री उशिरापर्यंत खाणेपिणे करून घरी आल्यावर छातीत जळजळू लागते आणि तेव्हा कुणीतरी ही गोळी काढते. पण झालेले आम्ल विझवणारे हे औषध नव्हे. जठराच्या अस्तरात आम्ल सोडणारे जे सूक्ष्म पंप असतात त्यांना ते बंद पाडते, आणि हे पंप जेवणाच्या सुमारास कामाला लागत असल्याने औषध जेवणापूर्वी अर्धा ते एक तास घ्यायला हवे. लगेच आराम हवा असेल तर अँटासिडचे पातळ औषध वेगळे असते. या गोळीवरचे आवरण तिला जठरातल्या आम्लापासून वाचवण्यासाठी असते, त्यामुळे ती चावून किंवा कुटून घेतली तर आतड्यापर्यंत पोहोचण्याआधीच निकामी होते. थायरॉइड आणि पँटोप्राझोल दोन्ही चालू असतील, तर आधी थायरॉइडची, अर्ध्या तासाने पँटोप्राझोल आणि त्यानंतर अर्ध्या तासाने नाश्ता, हा क्रम बहुतेकांना जमतो.

मला अधिक खटकते ती दुसरी गोष्ट. वेदनाशामकासोबत पाच दिवसांसाठी लिहिलेली ही गोळी पाच वर्षे चालू राहते, कारण ती बंद करायची असते हे कुणाच्या लक्षातच राहत नाही. दीर्घकाळ घेतल्यास बी-12 आणि मॅग्नेशियम कमी होण्याचा संभव असतो. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिननेही बी-12 कमी होऊ शकते. दोन्ही चालू असलेल्यांच्या पायांना मुंग्या येत असतील, तर ते मधुमेहामुळेच आहे असे गृहीत न धरता बी-12 तपासून घ्यावे.

उपवास आणि साखरेच्या गोळ्या

ज्या चुकीमुळे माणूस थेट इस्पितळात पोहोचतो ती हीच, म्हणून तिच्याबद्दल जरा विस्ताराने लिहिले पाहिजे. ‘साखरेची गोळी’ या एकाच नावाखाली अगदी भिन्न स्वभावाची औषधे येतात. मेटफॉर्मिन प्रामुख्याने यकृतातून रक्तात येणारी साखर कमी करते आणि एकटे घेतले तर सहसा साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवत नाही. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते आणि पोटात अन्न आहे की नाही याच्याशी त्याला कर्तव्य नसते. बाजारात या दोहोंची मिळून एक गोळीही मिळते, आणि ती घेणाऱ्याला आपण ग्लिमेपिराइड घेतो आहोत याची पुष्कळदा कल्पनाच नसते.

आता हरितालिकेचा निर्जळी उपवास किंवा आषाढी एकादशी डोळ्यांपुढे आणावी. सकाळची गोळी सवयीने घेतली जाते, दुपारपर्यंत पोटात काही नसते आणि अकरा-बाराच्या सुमारास दरदरून घाम, थरथर, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात गोंधळ सुरू होतो. घरचे म्हणतात, उपवासाने पित्त झाले असेल; खरे तर रक्तातली साखर घसरलेली असते. ज्यांना रक्तदाबासाठी मेटोप्रोलोल किंवा ॲटेनोलोलसारखे औषध चालू आहे त्यांना धडधड जाणवतही नाही; घाम मात्र येतोच, म्हणून त्या खुणेकडे दुर्लक्ष करू नये. अशा वेळी ग्लुकोमीटर शोधत बसण्यात वेळ न दवडता तीन चहाचे चमचे, म्हणजे सुमारे 15 ग्रॅम, साखर पाण्यात विरघळवून द्यावी, 15 मिनिटांनी साखर मोजावी, कमीच असेल तर पुन्हा द्यावी आणि मग पोळी-भाजीसारखे काही खायला घालावे. उपवास मोडला याची हळहळ नंतर करता येते. ग्लिमेपिराइडचा असर अनेक तास टिकत असल्यामुळे एकदा सावरलेली साखर पुन्हा घसरू शकते. तेव्हा त्या दिवशी त्या व्यक्तीला एकटे सोडू नये. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठावे.

डॅपाग्लिफ्लोझिन हे अलीकडे बरेच वापरात आलेले औषध साखर लघवीवाटे बाहेर टाकते. ते घेऊन निर्जळी उपवास केला तर शरीरातले पाणी उतरते, आणि क्वचित रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्ले) साचून प्रकृती गंभीर होते. त्यातली मेख अशी, की तेव्हा मीटरवरची साखर फारशी वाढलेली नसते. उलट्या, पोटदुखी आणि धाप अशी लक्षणे दिसली तर आकड्यावर विसंबू नये.

उपवास करूच नये असे माझे म्हणणे नाही. कोणत्या गोळीची मात्रा त्या दिवशी कमी करायची आणि कोणती गाळायची, हे चार-आठ दिवस आधी डॉक्टरांना विचारून ठेवावे, एवढेच. आणि साबुदाण्याची खिचडी उपवासाला चालते म्हणून मधुमेहालाही चालते, असे नाही.

दोन नावे, एकच औषध

एक काकू पेढ्यांच्या जुन्या डब्यात सगळी औषधे घालून काउंटरवर घेऊन आल्या. उठताना चक्कर येते, एवढीच त्यांची तक्रार. डब्यात रक्तदाबाच्या दोन वेगळ्या रंगांच्या स्ट्रिप होत्या, आणि दोन्हींच्या मागे बारीक अक्षरांत एकच नाव: टेल्मिसार्टन 40 मिलिग्रॅम.

“काकू, तुम्ही या दोन्ही घेता का?”

“हो, एक इथल्या डॉक्टरांची आणि एक लेकीकडे पुण्याला गेले होते तेव्हा तिथल्यांनी दिलेली. दोन्हींनी सांगितलंय, बंद करायची नाही.”

दोघांचेही बरोबर होते. एकाने लिहिलेले दुसऱ्याने पाहिले नव्हते, इतकेच. म्हणून ब्रँडचे ठळक नाव सोडून त्याखाली किंवा मागे छापलेले औषधाचे मूळ नाव वाचण्याची सवय लावून घ्यावी. ब्रँडपुढच्या अक्षरांनाही अर्थ असतो: रक्तदाबाच्या गोळीवर ‘एच’ म्हणजे बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड हे लघवी वाढवणारे औषध आणि ‘एएम’ म्हणजे ॲम्लोडिपिन जोडलेले असते. ‘एसआर’, ‘एक्सएल’ किंवा ‘ईआर’ असेल तर औषध सावकाश सुटेल अशी गोळीची घडण असते, आणि ती कुटून दिली तर दिवसभराची मात्रा एकदम अंगात जाते. आजोबांना गिळता येत नाही म्हणून गोळी खलबत्त्यात घालण्यापूर्वी विचारावे. त्याच औषधाचा दुसरा प्रकार अनेकदा मिळतो.

ॲम्लोडिपिनबद्दल थोडा धीर लागतो. त्याचे अर्धायुष्य 30 ते 50 तासांचे आहे, म्हणून पूर्ण परिणाम दिसायला साधारण आठवडा जातो. दुसऱ्याच दिवशी यंत्रावर आकडा उतरला नाही म्हणून आणखी एक गोळी घेणे चुकीचे. उलट, आकडा व्यवस्थित आला की काही जण औषध थांबवतात, जणू आकडा गोळीमुळे नव्हे तर आपोआप आला आहे. मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल यांच्या बाबतीत तर असे एकाएकी थांबणे हृदयविकार असलेल्याला छातीतल्या दुखण्यापर्यंत आणि झटक्यापर्यंत नेऊ शकते. हीच सक्त ताकीद स्टेंट बसवल्यानंतर दिलेल्या ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलला लागू आहे; दात काढायचा असला तरी ती स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

टेल्मिसार्टन, लघवी वाढवणारी गोळी आणि गुडघेदुखीसाठी परस्पर घेतलेले डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन, हे त्रिकूट मूत्रपिंडावर वाईट रीतीने बसते, विशेषतः उन्हाळ्यात किंवा जुलाब होऊन अंगातले पाणी कमी झालेले असताना. टेल्मिसार्टनने रक्तातले पोटॅशियमही वाढू शकते, आणि ‘कमी सोडियमचे मीठ’ म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियमच असते. खोकल्यासाठी महिनोन्‌महिने ज्येष्ठमध चघळल्यानेही रक्तदाब वाढतो. ते घरगुती आहे म्हणून डॉक्टरांपासून लपवण्यात अर्थ नाही.

आठवड्याच्या गोळ्या रोज

60,000 युनिटचे ड जीवनसत्त्व बहुधा आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच घ्यायचे असते. ते रोज घेणारे किंवा वर्षानुवर्षे आपल्याच मनाने चालू ठेवणारे लोक मळमळ, बद्धकोष्ठ, वारंवार लघवी आणि गोंधळलेपण घेऊन येतात, कारण रक्तातले कॅल्शियम वाढलेले असते. संधिवातासाठीचे मेथोट्रेक्सेट याहून फार धोक्याचे: आठवड्याची मात्रा रोज घेतली गेल्याने अस्थिमज्जेचे काम थांबून माणसे दगावलेली आहेत. या गोळीचा वार पाकिटावर ठळक अक्षरांत लिहून घ्यावा आणि ती रोजच्या डब्यात ठेवूच नये. तोंडात फोड, ताप किंवा अंगावर काळेनिळे डाग दिसले तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

पॅरासिटामॉल साधे औषध समजले जाते, आणि मर्यादेत ते तसे आहेही. प्रौढाने 24 तासांत 4 ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये, आणि दारू घेणाऱ्याने किंवा यकृताचा आजार असलेल्याने त्याहून बरेच खाली राहावे. अडचण अशी, की सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतही तेच असते आणि बेरीज कुणी करत नाही. अँटिबायोटिकबद्दल थोडक्यात: साध्या सर्दी-तापात विषाणू असतात आणि त्यांवर ते चालत नाही, जिवाणूंसाठी दिले असेल तर सांगितलेले दिवस पुरे करावेत, उरलेले पुढच्या वेळेसाठी ठेवू नये आणि सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सीसायक्लिन दूध-दह्याबरोबर घेऊ नये.

कापलेली स्ट्रिप आणि मे महिना

दहाच्या स्ट्रिपमधून चार गोळ्या कात्रीने कापून घेतल्या, की मुदतीची तारीख पुष्कळदा दुकानदाराकडच्या तुकड्यावरच राहते. घरी येतो तो नाव अर्धवट तुटलेला चकचकीत तुकडा. नाव, मात्रा आणि मुदत पाकिटावर लिहून मागावी. हा आपला हक्क आहे. दवा बाजारातून वर्षभराच्या गोळ्या एकदम आणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की मध्येच मात्रा बदलली तर जुना साठा घरातच पडून राहतो आणि एखाद्या रात्री तोच हाती लागतो.

इंदुरात मे महिन्यात पारा 40 अंशांच्या वर जातो. न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंशांत, फ्रीजच्या मधल्या फळीवर ठेवावे. दारात तापमान खालीवर होते आणि बर्फाच्या कप्प्याजवळ ते गोठते, आणि एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी वापरू नये. वापरात असलेली कुपी बहुतेक प्रकारांत 28 दिवस 25 ते 30 अंशांखाली टिकते, पण उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ती तासाभरातही बिघडू शकते. साखर अकारण चढू लागली तर आहाराला दोष देण्याआधी कुपी बदलून पाहावी.

गोळी विसरलीच तर आठवल्यावर घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर विसरलेली सोडून द्यावी, आणि भरपाई म्हणून दोन एकदम कधीही घेऊ नयेत. ग्लिमेपिराइड मात्र जेवण होऊन गेल्यावर आठवली म्हणून घेऊ नये. मेथोट्रेक्सेट, रक्त पातळ करणारी औषधे आणि फिट्सच्या गोळ्या यांच्याबाबत फोन करून विचारावे. चुकून जास्त गोळ्या गेल्या, किंवा घरातल्या लहान मुलाने आजीच्या डब्यातल्या गोळ्या खाल्ल्या, तर लक्षणांची वाट पाहू नये, मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये; 108 ला फोन करावा किंवा जवळच्या इस्पितळात जावे, आणि रिकाम्या स्ट्रिप, तुटके तुकडे, पाकिटे जी असतील ती सगळी बरोबर न्यावीत.