जगाची ओळख करून देताना या चुका टाळा

शाळेच्या स्नेहसंमेलनात एक नाच अजूनही हमखास असतो. मुलांच्या अंगाला काळं फासायचं, कमरेला झिरमिळ्या, डोक्यात पिसं, हातात पुठ्ठ्याचा भाला आणि वर ‘झिंगालाला’. निवेदक जाहीर करतो, ‘आता सादर होत आहे आफ्रिकन आदिवासी नृत्य!’ आफ्रिकेत ५४ देश आहेत आणि त्यांतल्या एकाही देशात हा नाच नाही. टाळ्या पडतात, मुलं खूश होतात, आणि आफ्रिका म्हणजे एवढंच हे तिसरीतल्या पोराच्या डोक्यात पक्कं बसतं. तोंडाला रंग फासून दुसऱ्या माणसांची नक्कल करायची नाही, हा नियम शाळेने एकदाच करून टाकावा. त्यावर चर्चेची गरज नाही.

पहिली ते पाचवीच्या मुलांना हाताने काहीतरी करायला देऊन जगाची ओळख करून द्यायची, ही कल्पना चांगलीच आहे. ती फसते ती वेगळ्या कारणाने. उपक्रम निवडताना आपण ‘दिसेल काय’ एवढंच पाहतो. तिथल्या माणसांचे हात रोज जे करतात, ते आपल्या मुलांचे हात थोडा वेळ तरी करणार आहेत का, हे पाहत नाही. झेंड्याच्या छापील चित्रात रंग भरणं हे रंगकाम झालं, देशाची ओळख नाही.

एका दिवसात सात देश

‘जागतिक संस्कृती दिन’ ठरतो. पहिली अ जपान, पहिली ब चीन, दुसरी अ फ्रान्स. प्रत्येक टेबलावर झेंडा, पोशाखातली दोन मुलं आणि एक पदार्थ. चीनच्या टेबलावर मंचुरियन असतं, जे भारतातल्याच चायनीज हॉटेलांत जन्मलं! मुलं दोन तासांत सगळं जग फिरून येतात आणि संध्याकाळी त्यांना फक्त मंचुरियन आठवतं.

त्यापेक्षा एका सत्रात एकच देश घ्या, आणि त्या देशातलीही एकच गोष्ट. घानातला ओवारे हा खेळ घ्या. मला तो सगळ्यात आवडतो, कारण त्याला खर्च नाही आणि मुलं तो मधल्या सुट्टीतही सोडत नाहीत.

अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे ३० खळग्यांचा असतो, सहा-सहाच्या पाच ओळी. दोन ओळींचा तुकडा कापला की ओवारेचा पट तयार. एका ट्रेमधून दोन पट निघतात आणि उरलेल्या ओळीचे तुकडे जिंकलेल्या बिया ठेवायला होतात. वापरलेला ट्रे मात्र घेऊ नका. दुकानदाराकडून कोरा मागा. नाहीतर मैदानात मातीत बारा खळगे करा. बिया ४८ लागतात, प्रत्येक खळग्यात चार. चिंचोके चालतात, पण सागरगोटे मिळाले तर फारच उत्तम. ओवारे खेळायला या सागरगोट्याच्या बिया खरोखरच वापरतात. गुलाम करून नेलेल्या आफ्रिकी माणसांबरोबर हा खेळ कॅरिबियन बेटांवर पोचला. तिथे अँटिगामध्ये त्याला वारी म्हणतात आणि तिथेही याच बिया असतात. आजीचे सागरगोटे आणि अँटिगातल्या आजोबांचा पट यांत बी एकच आहे, हे कळल्यावर मुलांचे चेहरे पाहा.

आता खेळायचं कसं आणि खेळ कुठे अडतो ते. आपल्या बाजूची सहा घरं आपली. त्यांतल्या एका घरातल्या सगळ्या बिया उचलायच्या आणि घड्याळाच्या उलट दिशेने एकेक टाकत जायचं. शेवटची बी समोरच्याच्या घरात पडून तिथे दोन किंवा तीन बिया झाल्या, तर त्या आपल्या. लागून मागच्या घरातही दोन-तीनच असतील, आणि तेही घर समोरच्याचंच असेल, तर त्याही आपल्या. २५ बिया झाल्या की जिंकलं. भांडणं तीन ठिकाणी होतात. दोघं वेगवेगळ्या दिशेने टाकतात, म्हणून पटावर खडूने बाण काढून ठेवा. कुणीतरी स्वतःच्याच घरातल्या बिया ‘जिंकतो’, तेव्हा दोन्ही ओळींना वेगळा रंग द्या. तिसरी अडचण खरी गंमतीची आहे: समोरच्याच्या बाजूला एकही बी उरत नाही आणि मुलं म्हणतात, संपला खेळ. पण समोरचा रिकामा झाला तर, शक्य असेल तोवर, त्याच्याकडे बिया पोचतील अशीच चाल करावी लागते. प्रतिस्पर्ध्याला उपाशी ठेवायचं नाही हा त्या खेळाचा नियमच आहे. तो वगळून शिकवलात तर घानाचा भाग गेला, नुसता हिशेब उरला. दुसरीच्या मुलांना मागच्या घराचा नियम सुरुवातीला सांगू नका, आठवड्याने सांगा.

कर्नाटकात अळगुळी मणे आणि तामिळनाडूत पल्लांगुळी हे याच कुळातले खेळ आहेत. वर्गात कानडी किंवा तमिळ घरातलं मूल असेल तर त्याला घरी विचारून यायला सांगा.

साहित्य चुकतं, दोष मुलांवर येतो

ओरिगामी म्हटलं की सगळ्यांना क्रौंच पक्षीच हवा असतो. पहिलीच्या मुलाला तो जमत नाही, मग बाई सगळ्यांचे स्वतःच घडी घालत बसतात. जपानी मुलं ५ मेच्या बालदिनाला वर्तमानपत्राचं शिरस्त्राण करतात, त्याला काबुतो म्हणतात. ते पहिलीलाही जमतं आणि डोक्यावर घालताही येतं. कागद मात्र काटेकोर चौरस हवा. घोटीव कागद घाईने कापला की एक बाजू दोन-तीन मिलिमीटरनी मोठी होते आणि पाचव्या घडीला कोपरे जुळेनासे होतात. मुलाला वाटतं, आपल्याला येत नाही.

ओनिगिरी, म्हणजे जपानी भाताचे मुटके, करायचे तर बासमती घेऊ नका. तो सुटा होतो, मुटका वळतच नाही. इंद्रायणी घ्या, जरा जास्त पाणी घालून शिजवा, आणि भात हाताला सोसेल इतका गरम असतानाच, ओल्या हाताला मीठ लावून वळा. व्हिनेगर घालायचं नाही, ते सुशीच्या भाताला. पदार्थ कुठलाही असो, आधी घरी चिठ्ठी जाऊ द्या: शेंगदाणे चालतात का, घरी काय खात नाहीत, उपवास कधी. ‘एक घास खाऊन बघ रे’ असा आग्रह तर नकोच.

बटाट्याचे ठसे फिके उठतात, कारण कापलेला बटाटा ओला असतो. फडक्याने टिपा, आणि पाण्यात कालवलेल्या रंगाऐवजी घट्ट पोस्टर कलर स्पंजवर घ्या.

पवित्र गोष्टीचा हस्तकलेचा तास

ऑस्ट्रेलियातली ठिपक्यांची चित्रं शाळांत फार लोकप्रिय आहेत. कांगारूचा आकार द्यायचा, मुलांनी कानकाडीने ठिपके द्यायचे, खाली लिहायचं ‘हजारो वर्षांची आदिवासी कला’. यात दोन घोटाळे आहेत. वाळूवर आणि अंगावर काढायच्या आकृत्या फार जुन्या आहेत, पण आपण पाहतो ती ॲक्रिलिकची चित्रं १९७१ च्या सुमाराला अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या वायव्येला असलेल्या पापुन्या वस्तीत सुरू झाली. तिथल्या शाळेत जेफ्री बार्डन हे शिक्षक होते, आणि वस्तीतल्या जाणत्या पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंग्यांची आकृती रंगवली. दुसरं म्हणजे त्या आकृत्या मालकीच्या असतात. कुठली कथा कुणी काढायची हे नात्यावर ठरतं, आणि काही ठिकाणी ठिपके घातले जातात तेच मुळी पवित्र भाग झाकायला.

आपल्याला हे कळायला जड नाही. वारली लग्नातला चौक, म्हणजे भिंतीवरचं चौकोनी चित्र, सवाशिणी लिहितात, तो विधी असतो. जिव्या सोमा म्हसे यांनी १९७० च्या दशकात ही चित्रं कागदावर आणली आणि ती जगभर गेली. आज मगपासून मोबाइलच्या कव्हरपर्यंत नाचणारी माणसं दिसतात, चौकाचा पत्ता नसतो. म्हणून पापुन्याच्या आकृत्या उतरवून घेण्यापेक्षा त्यांची नजर घ्या: जमीन वरून पाहायची. मुलांना घर ते शाळा हा रस्ता वरून कसा दिसेल ते काढू द्या. विहीर, वड, कुत्रं भुंकतं ती जागा, यांच्या खुणा त्यांनीच ठरवायच्या.

मेक्सिकोचा मृतांचा दिवस १ आणि २ नोव्हेंबरला असतो. त्याचा आणि हॅलोविनचा खेळ एकत्र करू नका. तो भुतांचा सण नाही, गेलेल्या माणसांना घरी बोलावण्याचा आहे. घरात वेदी मांडतात, तिच्यावर फोटो, आवडीचे पदार्थ, पाणी, मीठ, मेणबत्त्या आणि झेंडू. आपला दसऱ्याचा झेंडू मूळचा तिकडचाच. पितृपक्षात पान वाढलेलं पाहिलेल्या मुलाला हे पटकन उमगतं.

इथे मोठी चूक एकच: ‘आजी-आजोबांचे फोटो घेऊन या’ असा सरसकट निरोप. कुणाच्या हयात आजीचा फोटो झेंडूत ठेवला जातो आणि संध्याकाळी घरी गहजब होतो. एखाद्या मुलाचे वडील नुकतेच गेलेले असतात, ते पूर्ण तास खाली मान घालून बसतं. आधी घरच्यांशी बोला. शंका असेल तर वेदी मांडूच नका, नुसत्या पताका करा, त्यांना पापेल पिकादो म्हणतात. पतंगाचा कागद घ्या; जाड कागद चार घड्यांनंतर लहान कात्रीला ऐकत नाही. घडीची कड सबंध कापली तर पताका दोन तुकडे होऊन पडते, हे आधी एकदा करून दाखवा. दोऱ्यावर चिकटवायला फेव्हिकॉल थापू नका, पातळ खळ पुरते.

यूट्यूब आधी, गाव नंतर

व्हिडिओ शोधण्याआधी पालकांची यादी काढा. कुणाचे वडील मस्कतला दहा वर्षं होते, कुणाचा मामा जहाजावर आहे. अलिबागच्या बाजूला शाळा असेल तर बेने इस्रायलींची, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंची, घरं, सभास्थानं आसपास आहेत. इस्रायलला गेलेल्या त्यांच्या नातेवाइकांत मराठी बोलणारे अजून आहेत. पोहे, खोबरं, साखर आणि फळांचा त्यांचा मलिदा एलिया प्रेषिताच्या प्रार्थनेबरोबर असतो. म्हणून तो वर्गात ‘करून बघायचा’ नाही, त्यांनी बोलावलं तर जाऊन पाहायचा.

पाहुणे येणार असतील तर प्रश्नांची तयारी आदल्या दिवशी करून घ्या. ‘तुमच्या देशाची वैशिष्ट्ये सांगा’ असं विचारलं की माणूस पाठ्यपुस्तक बोलायला लागतो. ‘सकाळी उठल्यावर आधी काय करायचात’, ‘शाळेत शिक्षा काय असायची’, ‘डब्यात काय असायचं आणि ते कुणाला द्यायचात’ हे मुलांनाच सुचतं. बाईंनी मध्ये पडून ते सुधारायचं नाही.