पीएचपीचा यूसॉर्ट पायथनमध्ये उतरवताना

रावेर-यावल पट्ट्यातल्या एखाद्या केळी व्यापाऱ्याचा पीएचपीतला जुना प्रोग्राम पायथनमध्ये न्यायचा आहे असे धरा. दिवसभराच्या काटापावत्यांची यादी त्यातून निघते: आधी रावेर, मग यावल, मग चोपडा, मग बाकीचे तालुके, एकाच तालुक्यात जास्त वजनाची पावती वर. हा सगळा क्रम यूसॉर्टला (यादी क्रमाने लावणारे पीएचपीचे फंक्शन) दिलेल्या तुलना-फंक्शनमध्ये असतो, म्हणजे दोन पावत्यांपैकी कोणती आधी हे ऋण, शून्य किंवा धन उत्तराने सांगणाऱ्या फंक्शनमध्ये. (फंक्शनांची नावे इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, कोडमध्ये ती रोमन लिपीतच टाइप करायची.)

पायथन ३ च्या सॉर्टला तुलना-फंक्शन थेट देता येत नाही. त्यासाठी फंकटूल्स मॉड्यूलमधले सीएमपी_टू_की आयात करा, जुने फंक्शन तसेच पायथनमध्ये लिहा आणि पावत्या.सॉर्ट(की=सीएमपी_टू_की(तुलना)) असे बोलवा. यूसॉर्टप्रमाणेच इथेही मूळ यादीच बदलते. पण सॉर्ट नन (म्हणजे 'काहीच नाही') परत करतो, म्हणून त्याचे उत्तर पुन्हा त्याच व्हेरिएबलमध्ये ठेवले की यादी हातची गेली. नवी यादी हवी असेल तर सॉर्टेड वापरा. पीएचपीतले अंतराळयान चिन्ह, म्हणजे लहान-समान-मोठे एका फटक्यात सांगणारे, पायथनमध्ये नाही. त्याऐवजी (अ > ब) - (अ < ब) लिहा.

आता खरी गोम. जुन्या कोडमध्ये तुलना बहुधा तीनपैकी एका पद्धतीने लिहिलेली सापडते, आणि प्रत्येक पद्धत पायथनमध्ये वेगळी वागते.

अंतराळयान चिन्ह असेल तर फारशी अडचण नाही. फक्त डेटाचा प्रकार तपासा. सीएसव्हीतून (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या फाइलमधून) आलेले "१०२.५" आणि "९८" हे वजन मजकूर म्हणून येते (फाइलमध्ये अंक रोमन असतात). पीएचपी अशा दोन मजकुरांची संख्या म्हणून तुलना करते, पायथन अक्षरे बघतो आणि १०२.५ ला ९८ पेक्षा लहान ठरवतो. वाचतानाच फ्लोट (दशांश संख्या) करून घ्या. रिकाम्या रकान्यावर फ्लोट व्हॅल्यूएरर देतो, तेव्हा वजन नसलेली पावती कुठे जावी हे आधीच ठरवा.

तुलनेतून नुसते खरे-खोटे परत येत असेल तर सावध राहा. पीएचपी ८ इशारा देऊन का होईना, क्रम नीट लावते. पायथन मात्र शून्यापेक्षा लहान उत्तराची वाट पाहतो, आणि ट्रू म्हणजे १, फॉल्स म्हणजे ०. ऋण उत्तर कधीच मिळत नाही, त्यामुळे यादी जशी होती तशीच राहते. एररही येत नाही, आणि म्हणूनच ही चूक सर्वांत महागात पडते.

तिसरी पद्धत वजाबाकीची. १२.७५ वजा १२.४० म्हणजे ०.३५ क्विंटल. यूसॉर्ट उत्तराचा पूर्णांक करतो, म्हणजे ०, आणि दोन्ही पावत्या समान धरतो. सीएमपी_टू_की अपूर्णांक कापत नाही, म्हणून पायथनचा क्रम बरोबर येतो, पण जुन्या छापील यादीशी जुळत नाही. जुळवण्यासाठी अपूर्णांक कापणारे इंट() लावण्याचा मोह टाळा. कापलेली तुलना मुळात विसंगत असते: १२.२ आणि १२.९ समान, १२.९ आणि १३.५ समान, पण १२.२ आणि १३.५ असमान. अशा तुलनेवर निकाल अल्गोरिदमप्रमाणे बदलतो, आणि पायथनचा टिमसॉर्ट पीएचपीच्या अल्गोरिदमपेक्षा वेगळा आहे. जुनी यादीच चुकीची होती हे व्यापाऱ्याला दाखवून द्या.

क्रम एकदा समजला की तुलना-फंक्शन सोडून की-फंक्शनकडे, म्हणजे एका पावतीवरून तिची क्रम लावायची किंमत (की) काढणाऱ्या फंक्शनकडे, वळणे चांगले. रावेर ०, यावल १, चोपडा २ असा शब्दकोश (डिक्ट) करा, त्यात नसलेल्या तालुक्याला ९९ द्या, आणि की म्हणून (क्रमांक, -वजन) ही जोडी परत करा. ती प्रत्येक पावतीसाठी एकदाच काढली जाते, तुलना-फंक्शन मात्र दर तुलनेला चालते. मजकुराचा रकाना उलट क्रमाने हवा असेल तर उणे चिन्ह चालणार नाही. तेव्हा आधी कमी महत्त्वाच्या रकान्यावर, मग जास्त महत्त्वाच्या रकान्यावर, असे दोनदा सॉर्ट करा. पायथनचे सॉर्ट स्थिर आहे, म्हणजे समान ठरलेल्या नोंदींचा आधीचा क्रम तसाच ठेवते, म्हणून हे जमते.

पीएचपीतले सॉर्टिंग ८.० पासून स्थिर झाले. पीएचपी ७ मध्ये १६ नोंदींपर्यंतच्या याद्या स्थिर दिसत, मोठ्या नाहीत. म्हणून दोन्ही प्रोग्रामची चाचणी पाच-दहा पावत्यांवर करून थांबू नका. ३०-४० पावत्या घ्या, त्यांत मुद्दाम समान वजने ठेवा आणि फक्त पावती क्रमांकांचा रकाना ताडून पाहा.

यूएसॉर्ट असेल, म्हणजे किल्ल्या जपायच्या असतील, तर डिक्ट(सॉर्टेड(...)) करा. पायथन ३.७ पासून डिक्ट भरल्याचा क्रम पाळतो. गावांची नावे अकारविल्हे लावताना दोन्ही भाषा युनिकोडचा क्रम देतात, आणि त्यात ळ हा ल आणि व यांच्यामध्ये येतो, ह नंतर नाही. मराठी वर्णमालेप्रमाणे यादी हवी असेल तर दोन्हीकडे आयसीयू (भाषेप्रमाणे क्रम लावणारी युनिकोडची लायब्ररी) वापरा.