बागेतल्या रेल्वेसाठी लाकडी केबिन: ठाण्याचा पावसाळा काढेल अशी

माझ्या बागेतल्या छोट्या मॉडेल रेल्वेचा ट्रॅक 32 मिलिमीटरचा आहे, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर (गेज) तेवढं. माथेरानच्या दोन फुटी गेजला 1:19 या प्रमाणात आणलं की एवढंच अंतर येतं, आणि हिशेबही सोपा होतो: खरा एक फूट म्हणजे 16 मिलिमीटर. आठ बाय दहा फुटांची गेटमनची केबिन 128 बाय 160 मिलिमीटर भरते, साडेसहा फुटी दार 104 मिलिमीटर. तुमचा ट्रॅक 45 मिलिमीटरचा असेल आणि गाड्या 1:22.5 च्या, तर फुटाला साडेतेरा मिलिमीटर धरा.

लाकूड सागवानच घ्या. घोडबंदर रोडला रोज कुठे ना कुठे फर्निचरचं काम चालू असतं. सुताराला विचारलंत तर तो पिशवीभर तुकडे आनंदाने देतो आणि त्याच्याच मशीनवर दीड मिलिमीटर जाडीच्या पट्ट्याही काढून देतो. आइस्क्रीमच्या काड्यांचा सल्ला अजिबात ऐकू नका. त्या एका पावसात काळ्या पडतात.

चौकट 6 मिलिमीटरच्या चौरस पट्ट्यांची. काटकोन गुण्याने तपासा आणि पाण्यात टिकणाराच गोंद वापरा, फेविकॉल मरीन किंवा अरल्डाइट.

आता भिंतीच्या फळ्या. इथे मी दोन केबिन वाया घालवल्या.

पहिली केबिन मी फेब्रुवारीत केली. मागे प्लायवुड, त्यावर भरपूर गोंद आणि त्यावर एकाला एक खेटून फळ्या. इतकी घट्ट बसली होती की मला अभिमान वाटला. जुलैत बघते तर फळ्यांना पोट आलेलं, दोन तर प्लायवर चिकटलेला गोंद उखडून बाहेर आल्या होत्या आणि कोपऱ्यात नख जाईल एवढी फट पडली होती. गोंद कमी पडला असं वाटून दुसरीला मी आणखी गोंद लावला. ती आणखी लवकर फुटली.

शेवटी सुतारमामांना दाखवली. ते म्हणाले, "ताई, दाराच्या चौकटीतलं पॅनल मी कधी चिकटवतो का? खाचेत मोकळं सोडतो. पावसात फुगायला त्याला जागा नको?"

लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढतं. हवेतला ओलावा वाढला की फळी आडवी पसरते, आणि ती सगळीकडून चिकटवलेली असेल तर तिला वाकण्याशिवाय मार्ग उरत नाही. ही ताकद गोंदाने अडत नाही. म्हणून मागे प्लायवुड लावूच नका. फळ्या आडव्या ठेवा, रुंदी 10 मिलिमीटर, आणि कौलांसारख्या एकीवर एक चढवा: वरच्या फळीची खालची कड खालच्या फळीवर 2 मिलिमीटर येऊ द्या. गोंद फक्त वरच्या कडेला, तोही चौकटीच्या प्रत्येक उभ्या पट्टीवर टाचणीच्या डोक्याएवढा थेंब. खालची कड मोकळी. बोटाने दाबली तर ती किंचित हलली पाहिजे. हललेली बघून घाबरू नका आणि "जरा पक्कं करू" म्हणून तिथे गोंद सोडू नका.

उभ्या फळ्याच हव्या असतील तर ऋतू बघावा लागतो. जानेवारीत लाकूड सुकलेलं असतं, तेव्हा दोन फळ्यांत अर्ध्या मिलिमीटरची फट ठेवा. ऑगस्टमध्ये तेच लाकूड फुगलेलं असतं, तेव्हा खेटून बसवलं तरी चालतं.

दुसरी गोष्ट फळीच्या कापलेल्या टोकांची. पाणी तिथूनच सर्वात जास्त शिरतं, कारण लाकडाच्या नळ्या तिथे उघड्या असतात. जोडण्याआधी प्रत्येक फळीची दोन्ही टोकं सीलरमध्ये, म्हणजे लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या द्रावणात, बुडवून वाळवा, मग पुन्हा एकदा बुडवा. चाळीस फळ्या म्हणजे ऐंशी टोकं, कंटाळा येतो हे मान्य. पण केबिन उभी राहिल्यावर कोपऱ्यातली टोकं ब्रशला सापडत नाहीत. जवसाच्या तेलाचा सल्लाही सगळीकडे मिळतो. आपल्या दमट हवेत त्यावर बुरशी धरते, मी ते केव्हाच बंद केलं. पॉलियुरेथेन वार्निशचे पातळ तीन हात द्या, आतूनही.

छपराला कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा. सायकलच्या स्पोकचे तुकडे 4 मिलिमीटरच्या अंतराने एका वेगळ्या फळीवर चिकटवून त्यावर पत्रा दाबला की पन्हाळी उठतात. छप्पर भिंतीबाहेर 24 मिलिमीटर तरी काढा, आणि ते उचलून काढता येईल असं ठेवा.

खिडक्यांना ॲक्रिलिक. छपराखाली दोन्ही बाजूंना हवेसाठी भोकं ठेवा, नाहीतर आतून घाम धरतो.

केबिन मातीवर कधीही ठेवू नका. खाली कडाप्प्याचा तुकडा ठेवा आणि केबिनला पितळी स्क्रूचे चार पाय करून 5 मिलिमीटर वर उचला. त्या फटीतून वारा खेळतो, आणि वाळवीने मातीची नळी वर चढवली तर ती लगेच दिसते. ठाण्यात वाळवी येणारच.

नारळी पौर्णिमेच्या सुमारास, पावसाने उघडीप दिली की केबिन उचलून उलटी करा. सर्वात खालच्या फळीची टोकं काळी दिसली तर दोन दिवस पंख्याखाली वाळवा आणि तिथे पुन्हा सीलर लावा.