शेततळे, ठिबक, फळबाग : शासकीय योजनेचा अर्ज करताना या चुका टाळा

महाराष्ट्रात शेततळे किंवा ठिबकचे अनुदान हुकलेल्या शेतकऱ्यांमध्ये पात्र असलेले अनेक जण असतात. त्यांचे घोडे अडते ते कामांचा क्रम चुकल्यामुळे. यांतील सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे पूर्वसंमती, म्हणजे खरेदीची वा कामाची शासनाकडून आगाऊ मिळणारी परवानगी, हाती येण्याआधी केलेली खरेदी. महाडीबीटी या राज्य शासनाच्या योजनांच्या ऑनलाइन अर्जांच्या पोर्टलवर निवड झाल्याचा संदेश मोबाइलवर येतो, विक्रेता घाई करतो, संच बसवला जातो आणि बिलावरची तारीख पूर्वसंमतीच्या आधीची निघाल्याने प्रस्ताव नामंजूर होतो. निवड म्हणजे पूर्वसंमती नव्हे. निवडीनंतर कागदपत्रे अपलोड करावी लागतात, त्यांची छाननी होते आणि मगच पूर्वसंमतीपत्र मिळते. शेततळ्याची जागा सहायक कृषी अधिकाऱ्याने (पूर्वीचे कृषी सहायक) पाहून आखणी करून देण्याआधी पोकलेन लावणे हीसुद्धा याच जातीची घाई होय.

दुसरी अडचण सातबाऱ्याची. वडिलांच्या पश्चात वारसनोंद झालेली नसणे, सामाईक खात्यात सहहिस्सेदारांचे संमतिपत्र नसणे, आधार आणि सातबारा यांवरील नावांत फरक असणे, या गोष्टी छाननीत पुढे येतात आणि तेव्हा फेरफारासाठी वेळ उरलेला नसतो. २०२५ पासून कृषी योजनांसाठी ॲग्रीस्टॅकचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या शासकीय डिजिटल नोंदणीचा, शेतकरी ओळख क्रमांकही बंधनकारक झाला आहे, त्यामुळे नोंदी दुरुस्त करून तो क्रमांक काढणे हे अर्जाच्या आधीचे काम समजावे.

योजना शोधताना पुष्कळ जण तालुका कृषी अधिकारी कार्यालयातच थांबतात. वास्तविक अनुसूचित जातीच्या शेतकऱ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आणि अनुसूचित जमातीच्या शेतकऱ्यांसाठी बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना जिल्हा परिषदेचा कृषी विभाग राबवतो, म्हणून तेथे पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यालाच विचारावे लागते. नालाबांध, साठवण बंधारा यांसारखी सामूहिक कामे मृद व जलसंधारण विभागाकडे असतात. ती वैयक्तिक अर्जातून मिळत नाहीत, त्यासाठी ग्रामसभेचा ठराव आणि थोडी चिकाटी लागते.

रकमेचा हिशेबही आधी नीट समजून घ्यावा. ठिबकसाठी अल्प व अत्यल्प भूधारकांना केंद्राचे ५५ टक्के आणि राज्याचे पूरक २५ टक्के, तर इतरांना अनुक्रमे ४५ व ३० टक्के अनुदान आहे. मात्र हे टक्के शासनाने ठरवलेल्या खर्च मर्यादेवर मोजले जातात, दुकानदाराच्या कोटेशनवर नव्हे. शेततळ्याचे अनुदान आकारमानानुसार कमाल ७५,००० रुपये असून अस्तरीकरणाचा, म्हणजे तळ्यात प्लास्टिकचे आच्छादन अंथरण्याचा, खर्च त्यात धरलेला नसतो.

मंजुरीनंतरही पैसे आले नाहीत, तर कार्यालयात खेटे घालण्याआधी बँकेत चौकशी करावी. रक्कम आधारशी संलग्न असलेल्या खात्यात जमा होते आणि ते खाते बरेचदा अर्जाला पासबुक जोडलेले खाते नसून विसरून गेलेले दुसरेच असते.