वापरलेली डिझेल गाडी: अलीकडची घ्यावी की जुनी, हे कसे ठरवावे

‘जुनी इंजिने दणकट असतात’ आणि ‘नवी घ्या, कटकट नको’ हे दोन्ही सल्ले हमखास मिळतात आणि दोन्ही अर्धवट आहेत. गाडीचे वय किंवा ओडोमीटरवरचा आकडा पाहण्याआधी आपला रोजचा प्रवास पाहावा. तो बहुतांशी चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांचा असेल, तर अलीकडचीही नको आणि जुनीही नको. पेट्रोल गाडी घ्यावी आणि हा लेख इथेच सोडावा.

लांबचा प्रवास नियमित होत असेल, तर समोरची गाडी कोणत्या पिढीची आहे ते आधी पक्के करावे. युरोपात २००९ ते २०११ या काळात युरो ५ हे प्रदूषणाचे मानक लागू झाले आणि काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, डिझेल गाड्यांना जवळपास अनिवार्य झाला. २०१४-१५ मध्ये आलेल्या युरो ६ ने नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरमागे १८० वरून ८० मिलिग्रॅमवर आणली, त्यामुळे अनेक मॉडेलांत हे वायू कमी करणाऱ्या युरियाच्या द्रावणाची टाकीही आली. म्हणजे अलीकडची गाडी घेताना आपण इंजिनासोबत त्याच्या मागे बसवलेली ही सगळी यंत्रणा विकत घेतो, आणि खरी परीक्षा तिचीच असते.

इथेच बहुतेक लोक फसतात, आणि हा टप्पा मलाही बराच काळ नीट जमत नव्हता. डीपीएफमध्ये साठलेली काजळी सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमानाला जाळली जाते; यालाच रीजनरेशन म्हणतात. त्यासाठी इंजिन जादा डिझेल फवारते आणि गाडी काही वेळ सलग, बऱ्यापैकी वेगात चालावी लागते. शहरातल्या छोट्या फेऱ्यांत हे काम पुन्हा पुन्हा अर्धवट राहते, आणि अनेक गाड्यांत न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून ऑइलमध्ये उतरते. म्हणून डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमाल खुणेच्या वर दिसली आणि ऑइलला डिझेलचा वास आला, तर ‘नुकतेच भरले आहे’ हे उत्तर मी मान्य करत नाही. शिवाय ऑइलमधल्या रसायनांची राख कधीच जळत नाही. ती साठत जाते, आणि इंधनाच्या टाकीत ओतायची कोणतीही ‘सफाईची बाटली’ ती बाहेर काढू शकत नाही.

डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा नाही, याला काडीचीही किंमत देऊ नये, कारण गाडीच्या संगणकात नोंदलेले बिघाडाचे कोड पुसणे दोन मिनिटांचे काम आहे. ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारे उपकरण, लावावा, पण फक्त इंजिनाचे कोड वाचणारा स्वस्त नव्हे, तर त्या कंपनीच्या गाडीचा आतला तपशील दाखवणारा. सर्वप्रथम गाडीचा संगणक स्वतःहून घेतो त्या स्वयंचाचण्या ‘अपूर्ण’ दिसतात का ते पाहावे. बऱ्याचशा अपूर्ण असतील, तर कोड नुकतेच पुसले असण्याची किंवा बॅटरी काढली असण्याची शक्यता असते. मग काजळीचे प्रमाण आणि शेवटच्या यशस्वी रीजनरेशननंतरचे अंतर वाचावे. फिल्टरच्या दोन बाजूंमधल्या दाबाचा फरक इंजिन बंद असताना शून्याजवळ असावा, चालू करून रेस दिल्यावर वाढावा आणि सोडल्यावर लगेच उतरावा. नेमके आकडे मॉडेलनुसार बदलतात, हा क्रम बदलत नाही. रेस देऊनही फरक हलतच नसेल, तर सेन्सरची नळी निखळलेली असते किंवा फिल्टर आतून पोकळ केलेला असतो.

थंड सायलेन्सरच्या टोकात बोट फिरवावे: फिल्टर शाबूत असेल तर आतली बाजू जवळपास स्वच्छ असते, दाट काजळी हाताला लागली तर काहीतरी बिघडलेले आहे. ‘फिल्टर काढून टाकलाय, आता त्रासच नाही’ असे अभिमानाने सांगणाऱ्या विक्रेत्याशी घासाघीस करत बसू नये, तिथून निघावे. अनेक देशांत ते बेकायदा आहे आणि त्यासाठी इंजिनाच्या सॉफ्टवेअरमध्येही कोणीतरी हात घातलेला असतो.

जुन्या, म्हणजे बहुधा डीपीएफ नसलेल्या, गाडीची तपासणी तुलनेने सरळ आहे. इंजिन पूर्ण थंड असतानाच जावे आणि बॉनेटला हात लावून खात्री करावी. रेंगाळणारा, डिझेलच्या वासाचा पांढरा धूर म्हणजे न जळलेले इंधन, निळा म्हणजे ऑइल, आणि रेस दिल्यावर दाट काळा म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. खालचा गंज वाकून पाहावा. टायमिंग बेल्ट बदलल्याचे बिल नसेल, तर तो बदललेला नाही असेच धरावे. आपल्या भागात जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी किंवा वयोमर्यादा आहे का, तेही पाहावे.

किमतीतला फरक मोजताना इंजेक्टर, टर्बो, क्लचसह ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनाचे हादरे शोषणारे दुहेरी चाक) आणि डीपीएफ यांचे दर आधी विचारून ठेवावेत. माझे मत स्पष्ट आहे: महामार्गावर भरपूर पळालेली, सर्व्हिसच्या नोंदी पूर्ण असलेली अलीकडची गाडी ही शहरात कमी चाललेल्या तिच्याच वयाच्या गाडीपेक्षा चांगली. जुनी गाडी मात्र स्वतः किंवा विश्वासू मेकॅनिककडून दुरुस्ती करून घेणाऱ्यानेच घ्यावी, आणि तीही सुटे भाग सहज मिळत असतील तरच.

सौदा ठरला तरी ताबा घेण्याच्या दिवशी, पैसे देण्यापूर्वी, निदान अर्धा तास गाडी चालवून स्कॅन पुन्हा करावा; पुसलेले कोड या वेळपर्यंत बऱ्याचदा परत आलेले असतात.